वैद्याचा अधिकार

१५१८ साली आठव्या हेन्रीने लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाला सनद दिली आणि शहरात वैद्यकी कोणी करायची, हे ती संस्था ठरवू लागली. १८५८च्या कायद्याने ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी आली. मुंबई प्रांतात तसा कायदा १९१२मध्ये झाला. पाश्चात्त्य डॉक्टरच्या शब्दाला वजन आले त्यात विज्ञानाइतकाच या कायद्यांचा वाटा आहे.

पण वैद्याच्या शब्दाला वजन कायद्याशिवाय, विद्या खुली करण्यानेही येते. ओमानमधल्या रुस्ताकला सोळाव्या शतकात राशिद बिन उमैरा यांचे वैद्यघराणे नावाजलेले होते. राशिद यांनी घरात चालत आलेली विद्या ग्रंथांत आणि पद्यांतही उतरवली, म्हणून ती घराबाहेर पोहोचली.

नोंदणी हवीच, तिने भोंदूंना चाप बसतो. पण नुसत्या प्रमाणपत्रावर रुग्ण विसंबत नाही. आजार काय, औषध कशासाठी, धोका किती, हे त्याला कळेल अशा मराठीत सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे. रुग्णानेही न बिचकता विचारावे. या अंकातले लेख त्याच आग्रहापोटी मागवले आहेत.

– संपादक