शायर म्हणजे नंदनवन नव्हे

हॉबिटांचा शायर म्हणजे हिरवी कुरणे, गोल दारांची घरे आणि निष्पाप माणसे, ही समजूत पीटर जॅक्सन यांच्या २००१ ते २००३ मधील तीन चित्रपटांनी घराघरांत पोचवली. चौघे मित्र जग वाचवून गावी परततात, तेव्हा तिथले पानही हललेले नसते. जे. आर. आर. टोल्कीन यांनी असे लिहिलेले नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या उपान्त्य प्रकरणात ते चौघे परततात ते उद्ध्वस्त झालेल्या गावात. चित्रपटाने ते प्रकरण वगळले आणि त्याचे चाहते विचारतात, युद्ध संपल्यावर हे शेपूट हवेच कशाला? या प्रश्नालाच माझा विरोध आहे.

या परगण्याचा इतिहास तरी पाहावा. (उर्दूतील शायराशी त्याचे नाते नाही, इंग्रजीत शायर म्हणजे परगणाच.) तिसऱ्या युगाच्या १६०१ साली मार्को आणि ब्लँको हे दोघे भाऊ, राजा दुसरा आर्गेलेब याच्या अनुमतीने, आपली माणसे घेऊन ब्रँडीवाईन नदीपार आले. भूमी फुकट मिळाली नव्हती. मोठा पूल आणि बाकीचे पूल व रस्ते राखावेत, राजदूतांची वाट सुकर करावी, राजाचे स्वामित्व मानावे, अशा अटी होत्या. पुढे राजवंश लयाला गेला. १९७९ साली हॉबिटांनी राजाच्या जागी आपला ‘थेन’ नेमला. कालांतराने तेही नुसते मानाचे पद उरले. अवघ्या परगण्याला बारा शिरिफ पुरत आणि त्यांचा वेळ माणसांपेक्षा मोकाट गुरांमागे जाई. उपयोग नाही पण टाकवतही नाही, अशा वस्तूला हॉबिट ‘मॅथम’ म्हणत. त्यांची जुनी शस्त्रे मिशेल डेल्व्हिंगच्या मॅथमघरात जाऊन पडली होती. वंशावळी तोंडपाठ, पण सीमेवर जागता पहारा देणाऱ्या रेंजरांची आठवण कोणालाही नाही! दुसऱ्याच्या जागरणावर पोसलेल्या या शांतीला निष्पापपणा म्हणावे काय?

म्हणूनच घात बाहेरून सुरू झाला नाही. लोथो सॅकव्हिल-बॅगिन्स हा गावचाच, नात्यागोत्यातला. त्याने गिरण्या, खानावळी, शेते, तंबाखूचे मळे विकत घेतले आणि माल दक्षिणेकडे पाठवला. मग गुंड आले, नियमांच्या पाट्या लागल्या. समान वाटपाच्या नावाखाली धान्य उचलले गेले आणि परत आले नाही. झाडे उगाचच तोडली गेली, नव्या गिरणीने पाणी नासवले. सारुमान नंतर आला. दार त्याला आतून उघडे मिळाले. शिरिफांची संख्या मात्र शेकड्यांत गेली, आणि तेही हॉबिटच होते. ज्याने आपल्या गावची वाडी विकली जाताना पाहिली आहे, त्याला हे शेपूट वाटणार नाही.

टोल्कीन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे प्रकरण कथानकाचा आवश्यक भाग असल्याचे, ते आरंभापासून योजलेले असल्याचे स्पष्ट केले आहे. युद्धोत्तर इंग्लंडचे ते रूपक नव्हे, हेही तिथेच सांगितले आहे. आपल्यातील जी मंडळी, लेखक कॅथलिक म्हणून, पानोपानी रूपके शोधतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. शायरमध्ये एकही प्रार्थनामंदिर नाही. १८९६ पासून चार वर्षे ज्या सेअरहोल खेड्यात त्यांचे बालपण गेले, तिथे एक पाणचक्की होती. दहा वर्षांचे होण्याआधीच आपला तो मुलूख ओंगळपणे नासवला जाऊ लागला, ही खंत त्यांनी त्याच प्रस्तावनेत नोंदवली आहे.

बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट पडले, सुमारे सत्तर गुंड मेले. फ्रोडोने तलवार उपसली नाही. शस्त्र टाकलेल्यांना कोणी मारू नये, एवढेच त्याने पाहिले. विजयाच्या यादीत मेरी आणि पिपिन यांची नावे अग्रभागी लागली. सॅमने तोडलेल्या झाडांच्या जागी रोपे लावली आणि एल्फ राणीने दिलेली माती कणकण वाटून टाकली. फ्रोडो मात्र हळूहळू सार्वजनिक कामांतून बाजूला झाला; त्याच्याच गावात त्याला किती थोडा मान आहे, हे पाहून सॅमला वाईट वाटत राहिले.