इंग्रजी बोलायचे कुठे?

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "शाळा चांगली आहे हो, पण इंग्लिशचं काय?" विचारणारे पुष्कळदा आमचेच माजी विद्यार्थी असतात. दोन वर्षांपूर्वी एक आई सातवीतल्या मुलीचा दाखला न्यायला आली. मुलगी वर्गात पहिल्या पाचांत. आई म्हणाली, "लिहिती सगळं, पण चार माणसांत इंग्लिश बोलूस येत नाही हिला." मुलीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गुण होते, आणि तरीही आईचे म्हणणे खोटे नव्हते. दाखला दिला. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही.

पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावे, असे कर्नाटक सरकारचे १९९४ चे धोरण होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारला अशी सक्ती करता येणार नाही, माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. याबद्दल आमची तक्रार नाही. पालकांनी निवड करावी आणि आम्ही निवडण्याजोगे असावे, हेच बरे. मात्र माध्यम बदलले की इंग्रजी आपोआप येते, ही समजूत आम्हाला मान्य नाही. इंग्रजी माध्यमात दहा वर्षे काढूनही दोन वाक्यांपुढे अडणारी मुले आपल्या गल्लीगल्लीत आहेत. तिसरेही मोजून सांगता येईल असे गणित त्यांना इंग्रजीत पाठ असते, समजलेले नसते. पण तो वेगळा विषय झाला.

आपल्या मुलांना भाषा शिकण्याचे अंग नाही, असे तर कुणी म्हणूच नये. कॅम्पातला आमचा एखादा पाचवीचा मुलगा बाजारात पाठवून पाहा. भाजीवालीशी तो कन्नडमध्ये घासाघीस करतो, रिक्षावाल्याशी हिंदीत बोलतो, शेजारी गोव्याकडचे असतील तर त्यांची कोकणी त्याला कळते, आणि घरी येऊन आजीला सगळे मराठीत सांगतो. या भाषांचे व्याकरण त्याला कुणी शिकवले? कन्नड शाळेत शिकतो हे खरे, पण बाजारातली कन्नड त्याने ऐकून, चुकून, लोकांचे हसू झेलून उचललेली असते.

मग इंग्रजीच का अडते? कॅम्प हा मुळात ब्रिटिशांच्या लष्करी छावणीतून वाढलेला भाग, त्याचे नावच इंग्रजी. इथले सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासून चालू आहे. दुकानांच्या पाट्या इंग्रजी, मुलांच्या टी-शर्टवरची अक्षरे इंग्रजी. पण या इंग्रजीला तोंड नाही. ती दिसते, ऐकू येत नाही. भाजीवाली इंग्रजीत भाव सांगत नाही, म्हणून मुलाला इंग्रजीत घासाघीस करण्याची वेळच येत नाही. रस्ता जे देत नाही ते शाळेला वर्गात तयार करावे लागेल.

इथे दोष आमचाही आहे. धडा शिक्षकाने वाचायचा, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची, अशी आमची रीत. तासभर इंग्रजीचा वर्ग चालतो आणि मुलाच्या तोंडून एकही इंग्रजी वाक्य बाहेर पडत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबांच्या पिढ्या वाढल्या, आणि त्यांचे इंग्रजी अर्ज आजही वाचावेत असे असत. भाषांतराला आम्ही नावे ठेवत नाही. पण त्यांना अर्ज लिहायचा होता. आजच्या मुलाला मुलाखतीत समोरच्या माणसाच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे भाषांतर होईपर्यंत पुढचा प्रश्न येतो.

म्हणून इंग्रजीच्या तासाची पहिली दहा मिनिटे पुस्तक मिटून बोलण्यासाठी ठेवावीत, असे आमचे मत आहे. विषय अगदी साधे: आज डब्यात काय, बस का चुकली, काल पावसात कोण भिजले. चुका होणारच. "माय हेड इज पेनिंग" म्हणणारा मुलगा 'माझे डोके दुखते आहे' हेच म्हणत असतो. 'ए', 'अ‍ॅन', 'द' यांसारखे शब्द मराठीत नाहीतच, तेव्हा ते गळणार. मध्येच थांबवून दुरुस्ती केली की मूल गप्प बसते. शिक्षकाने बरोबर वाक्य सहज आपल्या उत्तरात म्हणावे आणि पुढे जावे. मराठी शब्द आला तर दंड, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो आमच्या शाळेत येऊ नये. दंडाने मराठी थांबते, इंग्रजी सुरू होत नाही.

पण दहा मिनिटांच्या गप्पांत शब्द किती मिळणार? त्यासाठी वाचन हवे, आणि तेही मोठ्याने. देवनागरीत जसे लिहितो तसे वाचतो, या सवयीमुळे आपली मुले इंग्रजीत फसतात. ओ-यू-जी-एच ही चारच अक्षरे, पण 'दो' मध्ये एक उच्चार, 'टफ' मध्ये दुसरा, 'थ्रू' मध्ये तिसरा. हे नियमाने सांगता येत नाही. शब्द डोळ्यांनी पाहताना कानाने ऐकावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा.

पुन्हा पुन्हा म्हटल्यावर आपल्याच गावची एक आठवण सांगतो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावी आले होते. आधी वकील भाटे यांच्याकडे आणि मग किल्ल्यात वनखात्याचे अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ते राहिले. तिथे स्वामीजींनी डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधली पानेच्या पाने म्हणून दाखवली, असे मित्रांनी लिहून ठेवले आहे. किती वेळा वाचले, असे विचारल्यावर दोनदा, एकदा शाळेत असताना आणि पुन्हा काही महिन्यांपूर्वी, असे उत्तर मिळाले. तशी स्मरणशक्ती आपल्यात कुणाला नाही. आम्हाला मात्र ते 'दोनदा' मोलाचे वाटते. शाळेत वाचलेले पुस्तक त्यांनी मोठेपणी आवडीने पुन्हा हाती घेतले होते. आमची मुले वार्षिक परीक्षेनंतर इंग्रजीचे पुस्तक रद्दीत घालतात.

पालक म्हणतात, आम्हालाच इंग्रजी येत नाही, घरी काय घेणार? येण्याची गरज नाही. रात्री जेवणानंतर मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि काय वाचले ते मराठीत विचारा. त्याला सांगता आले तर समजले. अडखळला तर ती ओळ उद्या शिक्षकांना विचारायला सांगा. आईला समजावून सांगताना मूल जितके शिकते तितके आमच्यापुढे शिकत नाही. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा क्लासची फी भरण्याआधी हा महिनाभर करून पाहावे.

विश्वस्त मंडळींकडे मागणी लहानच आहे. ग्रंथालयात इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचे एक काचेचे कपाट आहे. पुस्तके चांगली आहेत, बरीचशी देणगीदाखल आलेली, आणि खराब होतील म्हणून कपाटाला कुलूप असते. ती पुस्तके पाचवी ते सातवीच्या वर्गांत वाटून ठेवावीत, प्रत्येक वर्गात दोन मुलांकडे त्यांची वही द्यावी. काही फाटतील, दोनचार हरवतील. त्यांच्या जागी नवी घेण्यासाठी येत्या अंदाजपत्रकात थोडी रक्कम धरावी.