खेळून पोट भरतं का?

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला आमच्या दारात आमच्याच वस्तीतली एक माउली येऊन बसली. दिवसभर काजू सोलून तिची बोटं काळी पडली होती. पदराआडून तिने एक कागद काढला आणि आमच्यापुढे धरला. "गुरुजी, ह्येच्यावर सही करायची का न्हाई, तुमीच सांगा. ह्येंचं म्हनणं न्हाई करायची. पोरगं दोन दिस जेवलं न्हाई."

कागद होता तिच्या धाकट्या मुलाचा. नववीत आहे. हॉकी चांगली खेळतो, म्हणून पुण्यातल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली आहे. राहणं-जेवण तिकडेच, शाळाही तिकडेच. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला जातो. तरुणपणी तोही कबड्डीत गाजलेला गडी. गुडघा गेला तेव्हा मंडळाने एक हार घातला आणि विषय संपला. त्याचा नकार काही उगाच नाही, हे आम्ही जाणतो.

"खेळून पोट भरतंय व्हय गुरुजी?" माउलीने विचारलं. पोरगा दाराआड उभा होता. त्याने मोबाइल पुढे केला. त्यात बर्फावरची हॉकी चालली होती! पायात पात्यांचे बूट, डोक्यावर शिरस्त्राण, सहा-सहा जणांचा संघ आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. पोरगा म्हणाला, "ह्यांना लाखांनी पैसे मिळत्यात." माउली म्हणाली, "आपल्या नेसरीत पावसाळ्यात मैदानावर चिखल असतोय, बर्फ कुठनं आणायचा?" आम्हाला हसू आलं, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिला उद्या या, असं सांगून आम्ही रात्रभर विचार करत बसलो. जे आठवलं, जे वाचलं होतं, ते वाचक बंधू-भगिनींपुढेही ठेवतो. असा कागद उद्या आपल्याही घरी येऊ शकतो.

हॉकीवर ज्याने पोट भरलं, नावही कमावलं, असा आपल्या महाराष्ट्रातला माणूस म्हणजे धनराज पिल्ले. १६ जुलै १९६८ चा जन्म, पुण्याजवळच्या खडकीतला. घराणं तमिळ, पण वाढला तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत. वडील तिथल्या मैदानाची राखण करणारे. भावंडं बरीच, पगार एक. तुटलेल्या काठ्या सांधून ही पोरं धुळीत खेळायची. नवी काठी घेऊन द्यायला बापाकडे पैसे नव्हते, पण बाप ज्या मैदानाला पाणी मारायचा ते मैदान पोरांना मोकळं होतं. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

थोरला भाऊ रमेश मुंबईला राष्ट्रीय केमिकल्सच्या संघात खेळायचा. धनराज त्याच्याकडे गेला. तिथून महिंद्र कंपनीच्या संघात आणि पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये. इथे आम्ही माउलीला मुद्दाम थांबवून सांगितलं की पोरगा आधी नोकरीत गेला. कंपनीच्या संघात खेळायचं, कंपनीच्या हजेरीपटावर नाव असायचं, महिन्याला पगार यायचा. आपल्याकडे हॉकीवाला जगतो तो असा. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, विमान कंपन्या, बँका यांनीच हा खेळ पोसला. नुसत्या गोलावर घर चालत नाही, गोलामुळे मिळालेल्या नोकरीवर चालतं.

१९८९ साली दिल्लीच्या आशिया चषकात धनराज भारतासाठी पहिल्यांदा उतरला. २००४ पर्यंत ३३९ सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक, चार आशियाई स्पर्धा. आणि गोल किती? गंमत पाहा, याचा अधिकृत हिशोबच नाही. आपल्या महासंघाने तो ठेवला नाही. स्वतः धनराज १७० च्या वर सांगतात. वाण्याच्या दुकानात दोन रुपयांच्या उधारीची वही असते, आणि देशासाठी पंधरा वर्षं पळणाऱ्या माणसाच्या गोलांची वही नसते!

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या कप्तानपदाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं. तब्बल ३२ वर्षांनी. अंतिम सामना कोरियाशी, निकाल लागला तो पेनल्टी स्ट्रोकवर. गोलरक्षक आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. देशभर पेढे वाटले गेले. आणि घरी आल्यावर काय झालं? कप्तानासह अनेक अनुभवी खेळाडू पुढच्या संघातून बाहेर! कागदावर म्हटलं, त्यांना विश्रांती दिली. लोक म्हणत होते, भत्त्याचे पैसे तोंडाने मागितले म्हणून ही शिक्षा. कामगाराने मजुरी मागितली की मुकादम काय करतो, हे आमच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांनी सिडनी ऑलिंपिक. पोलंडविरुद्ध भारत एक गोलने पुढे. सामना संपायला दोनेक मिनिटं असताना पोलंडने बरोबरी केली आणि उपांत्य फेरीचं दार बंद झालं. धनराज ओक्साबोक्शी रडला. पदकाशिवायच २००४ ला अथेन्समध्ये त्याचं ऑलिंपिक संपलं. भारत सातवा.

मग पैसे कुठून आले? परदेशातून. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधलं लिऑन, जर्मनीतलं स्टुटगार्ट, मलेशिया, ढाक्याचं अबाहानी, हाँगकाँग, अशा ठिकाणच्या क्लबांकडून तो खेळला. आपले ऊसतोड मजूर हंगामाला जातात तसाच हा परमुलखातला हंगाम. फरक एवढाच की कोयत्याऐवजी हातात काठी. देशाने पुढे खेलरत्न दिलं, पद्मश्री दिली, ते योग्यच झालं. पण हंगामाचा हिशोब त्याचा त्यालाच ठेवावा लागला.

दुसरं उदाहरण याहून आपल्या उंबऱ्याजवळचं. मुंबईत मरीन लाइन्सला, जिथे समोर श्रीमंतांचे दिवे रात्रभर जळतात, तिथे वाल्मीकी बंधूंचं घर. एवढीशी खोली आणि तिच्यात वीज नाही. थोरला युवराज. सप्टेंबर २०११ मध्ये चीनमधल्या ऑर्डोस शहरात आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना पाकिस्तानशी झाला. गोलशून्य बरोबरी. शूटआउटमध्ये निर्णायक गोल युवराजचा. तेव्हा कुठे वर्तमानपत्रवाले त्या खोलीपर्यंत पोचले आणि तेव्हा कुठे घरात वीज आली. युवराजही जर्मनीत क्लबांकडून खेळला. धाकटा देविंदर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या संघात होता. माउलीने हे ऐकून एकच विचारलं, "दोन्ही पोरं धाडली व्हय त्या आईनं?"

आता पोराच्या बर्फाकडे येऊ. आपल्या देशात ही हॉकी खेळतात ती मुख्यत्वे लडाखमध्ये, हिवाळ्यात तळी गोठली की. अमेरिका-कॅनडात मात्र तिचा मोठा धंदा आहे. १९१७ साली मॉन्ट्रियलला त्यांची राष्ट्रीय लीग स्थापन झाली आणि पुढची चाळीस वर्षं तिच्यात एकही काळा खेळाडू उतरला नाही. १८ जानेवारी १९५८ ला विली ओ'री हा कॅनडाचा तरुण बोस्टनच्या संघाकडून उतरला, तो पहिला. त्याची एक गोष्ट संघालाही ठाऊक नव्हती. दोन वर्षं आधी चकती लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्याने ते लपवलं. खेळायचा डाव्या बाजूला, म्हणजे सगळा खेळ उजवीकडे, आंधळ्या डोळ्याच्या अंगाला! चकती बघायला मान पार वळवावी लागायची. वर प्रेक्षकांच्या शिव्या, त्याही कातडीवरून.

या माणसाला मोठ्या लीगमध्ये सामने मिळाले किती? अवघे ४५. गोल चार. पण तो लहान लीगमधून खेळत राहिला, थेट १९७९ पर्यंत, वयाच्या त्रेचाळिशीपर्यंत. २०१८ ला त्याला मानाच्या दालनात घेतलं. जानेवारी २०२२ मध्ये, पहिल्या सामन्याला ६४ वर्षं झाली तेव्हा, बोस्टनने त्याचा २२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. तेव्हा तो ८६ वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी माउली आली, सोबत बापही आला. आम्ही हे सगळं सांगितलं, आणि व्यवहारही सांगितला. पोरगा गेला तरी दहावी-बारावी सोडायची नाही. खेळाची प्रत्येक प्रमाणपत्रं घरी पत्र्याच्या पेटीत जपायची. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते कागदावर मिळतं, टाळ्यांवर नाही. कागदाची पडताळणी होते, त्यात खोटं खपत नाही. दुखापत झाली तर औषधपाणी कोण करणार, हे केंद्राला आधी विचारायचं, लेखी विचारायचं. बाप इतका वेळ खाली बघत होता. या शेवटच्या वाक्याला त्याने मान वर केली.

"तुमी तुमच्या भावाला का सोडलं न्हाई मग?" त्याने विचारलं.

वस्तीत काही लपत नाही. आमचा धाकटा भाऊ तालुक्याच्या संघात होता. पुढच्या निवडीसाठी त्याला कोल्हापूरला बोलावणं आलं तेव्हा आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो. घरचे आम्हीच कर्ते. आम्ही त्याची काठी माळ्यावर टाकली आणि त्याला इचलकरंजीला मागावर धाडलं. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, पण आजतागायत आमच्यासमोर त्याने हॉकीचा विषय काढलेला नाही. आम्ही चुकलो की नाही, याचं उत्तर आमच्यापाशी नाही. त्या वर्षी घरात दाणा नव्हता, हे खरं. आम्ही त्याला विचारलंही नव्हतं, हेही खरं.

बापाला आम्ही हे जसंच्या तसं सांगितलं. तो काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि मायबाप दोघेही गेले. मुदत सोमवारपर्यंत आहे.

रात्री आम्ही इचलकरंजीला फोन लावला. मागाची खडखड ऐकू येत होती. भावाला पोराची हकिकत सांगितली. बराच वेळ पलीकडून नुसती खडखडच. मग त्याने विचारलं, "कुठल्या जागेवर खेळतोय?"

आम्हाला सांगता आलं नाही. पोराला विचारायचं राहूनच गेलं होतं.