मुरुमाची वाट कोणाची?

शहरांतील सुखवस्तू तरुणांमध्ये अलीकडे सायकलीचा एक नवा प्रकार रुजू लागला आहे. डांबरी रस्त्यावरच्या मोटारींना कंटाळलेला हा सायकलस्वार मुद्दाम खडी-मुरुमाच्या वाटा शोधीत जंगलात, नदीकाठी, माळरानावर जातो. त्याची सायकलही वेगळी. टायर रुंद व खाचांचे, हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले आणि किंमत अनेकदा लाखाच्या घरात. तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. अशा वाटांचे नकाशे करणे, त्यांवरून दोन-तीनशे किलोमीटरच्या सफरी काढणे, यांतून परदेशांत पर्यटनाचा एक व्यवसायच उभा राहिला आहे.

या दृष्टीने पाहिले तर यवतमाळ जिल्हा उद्या अशा नकाशांवर न आला तरच नवल. पूर्वेच्या सीमेवर वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये अडाण, अरुणावती, वाघाडी, पूस. घाटंजी-पांढरकवड्याकडचे सागाचे जंगल, होळीच्या सुमारास फुलणारा पळस, गावोगावची ई-क्लासची गवताळ गायराने आणि या सर्वांतून जाणाऱ्या मुरुमाच्या वाटा. येणाऱ्यांनी अवश्य यावे. सायकल हे मुळात श्रमिकाचे वाहन आहे. तिच्यावर श्रीमंत बसला म्हणून ती काही बाटत नाही. प्रश्न आहे तो ज्या वाटेवरून तो जाणार त्या वाटेचा.

ही वाट निसर्गाने दिलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, टोपल्यांनी मुरूम वाहिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर जबाबदारी एखाद्या राज्य सरकारने पत्करण्याची देशातील ती पहिली वेळ. या कामांत रस्त्यांचा भरणा मोठा होता, कारण कुदळ, फावडे आणि घमेले यांवर चालणाऱ्या कामात पैशाचा मोठा हिस्सा मजुराच्या हाती पडतो. पुढे पुष्कळ पंडितांनी या रस्त्यांची टवाळी केली. दोन पावसाळ्यांत वाहून जाणारे रस्ते, असे ते म्हणत. वाहून जात होते हे खरे, पण त्याचे कारण मजुराच्या कामचुकारपणात शोधणे हा पंडितांचा आळस होता.

या जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम पसरला तर बैलगाडीच्या चाकाखाली तो मातीत रुतून दिसेनासा होतो. रस्ता मधोमध उंच हवा, दोन्ही अंगांना गटारे हवीत, ओढ्यावर मोरी किंवा रपटा हवा, आणि दरसाल पावसाळा संपताच वरचा थर पुन्हा दाबावयास हवा. यांतील मोरीसाठी सिमेंट व नळ लागतात, आणि सामानासाठीचा पैसाच नेमका वेळेवर येत नाही. परिणामी रस्ता अर्धा राहतो आणि अर्धा रस्ता काळ्या मातीत टिकत नाही. अलीकडे पोकलेन व ट्रॅक्टर लावून एका रात्रीत ‘पूर्ण’ होणाऱ्या पांदणींची कथा याहून वाईट आहे, कारण तेथे रस्ताही टिकत नाही आणि मजुरीही गावात राहत नाही.

म्हणूनच गावकरी डांबर मागतो. सोयाबीनचे पोते किंवा कापसाचे बोंदरे डोक्यावर घेऊन जुलै-ऑक्टोबरात जिला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, तिला मुरुमाच्या वाटेचे सौंदर्य सांगू नये. मानव विकास मिशनच्या १२५ तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. या जिल्ह्यातील तालुकेही त्यांत आहेत. पाऊस लागला की मातीचा गोळा चाक व मडगार्ड यांच्यामध्ये बसतो, चाक फिरेनासे होते आणि मुलगी सायकल खांद्याशी धरून ओढीत नेते. आमच्या जिल्ह्यातील खरी खडी-मुरुमाची सायकलस्वार ही आहे. तिच्या अडचणीचा नकाशा अद्याप कोणी छापलेला नाही.

येथे इटलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांवर एकामागून एक डांबर चढू लागले तेव्हा ते वाचविण्याच्या हेतूने १९९७ साली ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली, आणि या रस्त्यांना प्रतिष्ठा मिळाली. म्हणजे सायकलस्वार आले की खडीचे रस्ते टिकतात, हे म्हणणे निराधार नाही. परंतु टस्कनीच्या शेतकऱ्याजवळ मोटार आहे आणि त्याच्या दारापर्यंत बारमाही वाट आहे. त्याच्या दृष्टीने खडीचा रस्ता हा वारसा. झरी-जामणीच्या कोलाम पोडातील माणसाच्या दृष्टीने तो न झालेला रस्ता. अमेरिकेतील कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांमध्ये २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरील मोठी शर्यत होते. तिच्या मूळ नावात तेथील कॉ जमातीच्या नावाचे रूप होते. त्या जमातीला १८७३ सालीच तेथून हुसकावून लावले होते. नावावर आक्षेप आल्यावर २०२० साली ते बदलले. जमात जाते, नाव उरते, आणि नावावर शर्यत चालते! आपल्याकडे पोड अजून जागेवर आहेत, तोवर विचार करावा हे बरे.

मग डांबर की मुरूम? माझे मत असे की प्रश्न या शब्दांत मांडणेच चुकीचे आहे. बारमाही वाट हा हक्क आहे. ती कशाची असावी हे गावाने ठरवावे. मोरी-गटारांसह नीट बांधलेला आणि दरसाल राखलेला खडी-मुरुमाचा रस्ता बैलगाडी, सायकल व एखाद्या मालमोटारीला पुरेसा असतो. डांबरी रस्त्याचा पैसा डांबराला आणि यंत्राला जातो, मुरुमाच्या राखणीचा पैसा दरवर्षी गावातील मजुरीत उतरतो. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळापुढे आलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटरसाठी ८६ हजार कोटींहून अधिक खर्च धरला होता. तो या जिल्ह्यातूनही जावयाचा. भागाकार सोपा आहे: किलोमीटरला शंभर कोटींहून अधिक. पांदणीचा खर्च किलोमीटरला लाखांत मोजला जातो, आणि तिच्या वेळी मात्र तिजोरी रिकामी असते.

जंगलातील वाटांचा विचार वेगळा करावयास हवा. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला एक तरुण वाघ तेलंगणा व मराठवाड्याच्या बाजूने फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर, तेही नाले आणि शेतांच्या आडोशाने. या जिल्ह्यातून निघालेली सर्वांत लांब सफर कोणा सायकलस्वाराच्या नावावर नाही! पण त्याच भागात, पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात, तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. ती माणसे शेतात किंवा गुरांमागे गेलेली होती. पर्यटकासाठी जंगलाची वाट उघडावी आणि तेंदूपाने आणणाऱ्या बाईला त्याच वाटेवर अडवावे, असे होता कामा नये. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावच्या रस्त्यासाठी मिळू शकते, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटणार नसतील तर. किती पोडांत हे कलम वाचून दाखविले गेले आहे, याचा शोध आपल्या कार्यकर्त्यांनी घ्यावा. शिवारातील पांदण धुरे सरकवून खाल्ली गेली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराला अडथळा काढता येतो. अर्ज साधा आहे. अवघड असते ते ज्याने धुरा सरकवला त्याच्याविरुद्ध गावात उभे राहणे.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी ‘जी राम जी’ या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत केला. कागदावर दिवस शंभराचे सव्वाशे झाले. मात्र पूर्वी अकुशल मजुरीचा सारा भार केंद्रावर होता; आता खर्चाचा चाळीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्याने उचलावयाचा आहे. शिवाय पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे आणि त्या तारखा राज्य सरकार ठरविणार आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मजूर बाई किलोच्या दरावर घासाघीस करू शकते ती दुसरे काम उपलब्ध असेल तरच. ते काम बंद केले की दर कोण ठरवील हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. कोरडवाहू शेतकरी नाडलेला आहे, हे या जिल्ह्यात कोणी मला शिकवू नये. पण त्याची भरपाई कापसाच्या भावातून झाली पाहिजे, वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतून नव्हे.

आणि मुरूम पडावयाचा तोही याच दिवसांत. पावसाळा संपून माती थोडी ओली असते तेव्हाच तो नीट दबतो, आणि कापूस घराकडे निघण्यापूर्वी वाट तयार हवी असते. म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास साठ दिवस कामे बंद राहिली, तर मजुरी बुडेल आणि पांदणही. यासाठी तालुक्या-तालुक्यांतून ग्रामसभांचे ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच गेले पाहिजेत. त्यांत पांदणीचे नाव, लांबी, लागणाऱ्या मोऱ्या आणि काम कोणत्या पंधरवड्यात निघावे हे स्पष्ट लिहिलेले असावे. बाहेरून येणाऱ्या सायकलस्वारांच्या संघटनांनाही या ठरावांना पाठिंबा देता येईल. वाट त्यांनाही हवी आहे.