निष्ठा आणि किराणा

गेल्या एकादशीला आमच्या रिसोड तालुक्यातल्या गावच्या भजनी मंडळात एक ठराव आला. आमचा तबलजी लग्नसराईत ऑर्केस्ट्रातही वाजवतो, सबब त्याला काढा. "पोट्ट्याची निष्ठा नाही!" मी विरोध केला. तिथे बोलायचे राहिले ते इथे लिहितो.

निष्ठेची भाषा करणारे आम्ही कोण? मी शिक्षक, दुसरे तलाठी, तिसरे बँकेतले. तेव्हा एक तारखेला पगार होता, आता पेन्शन आहे. फुकट पेटी वाजवणे आम्हाला परवडले. ह्या पोराच्या हाती आपण नारळ नि शेला ठेवतो. त्यावर किराणा येतो का?

झाकीर हुसेन १९७३ साली 'शक्ती' उभी राहिली तेव्हापासून तिच्यात होते. म्हणून त्यांनी इतरांची साथ सोडली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच रात्री त्यांना तीन ग्रॅमी मिळाली : एक 'शक्ती'बरोबर, दोन बेला फ्लेक, एडगर मायर आणि राकेश चौरसियांबरोबर. 'शक्ती'तलेच शंकर महादेवन इकडे एहसान-लॉय यांच्यासह 'कट्यार काळजात घुसली'ला (२०१५) संगीत देतात. त्यांना कुणी बेइमान म्हटले?

सुपारी घेताना तारीख आधी सांगावी, सप्ताह चुकवू नये, ही अट रास्त आहे. ती मी स्वतः त्याला सांगेन. त्याहून जास्त हवे असेल, तर आधी मानधनाचा आकडा बोला.

ठराव पुढच्या एकादशीपर्यंत तहकूब आहे. तो मंजूर झाला, तर पेटीलाही दुसरा माणूस शोधा.