गुडघा आधी हाताने तपासून घ्या

राळेगावहून यवतमाळ किंवा वर्ध्याला जाऊन एमआरआय काढायचा म्हणजे गाडीभाडे आले, तपासणीचा खर्च आला आणि दोघांची मजुरीही बुडाली. म्हणून कबड्डीत किंवा दुचाकीवरून पडून गुडघा दुखावला की काही घरांत तेल लावून चोळतात, तर काही घरांत उसनवारी करून थेट एमआरआयला धावतात. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी. तिच्याविषयी आम्ही या वेळी सांगणार आहोत.

डॉक्टर आधी विचारतात, पाय कसा मुरगळला? आतून ‘कट’ असा आवाज आला का? सूज कधी चढली? दोन-तीन तासांतच गुडघा फुगला तर आत रक्त साचल्याची, बहुधा पुढचे लिगामेंट तुटल्याची शंका येते. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकू लागला, तर आतली गादी फाटलेली असू शकते.

मग आधी चांगला, नंतर दुखरा गुडघा तपासतात. गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. ती चांगल्या पायापेक्षा जास्त सरकली, तर लिगामेंट तुटल्याची दाट शंका. ही लॅकमन तपासणी. मॅकमरे तपासणीत गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल फिरवत सरळ करतात. तेव्हा कळ आली किंवा खटका जाणवला तर गादीचा संशय येतो.

चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंश वाकत नसेल, वाटी दाबल्यावर दुखत असेल किंवा वय ५५ च्या पुढे असेल, तर एक्स-रे काढावा. पाऊल गार किंवा बधिर पडले, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे.

भगिनींनी संकोचापोटी सलवारीवरूनच गुडघा दाखवू नये. महिला डॉक्टर नसतील तर परिचारिकेला जवळ थांबायला सांगावे.

ताज्या सुजेत स्नायू आखडतात आणि दुखापत हाताला नीट लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ‘काही नाही’ असे ऐकले तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा. तोवर चोळू नका, नमाज खुर्चीवर बसून अदा करा. एवढे करूनही डॉक्टरांना शंका राहिली, तर एमआरआयचा खर्च टाळू नका. लटपटता गुडघा तसाच वापरला तर शाबूत गादीही फाटते.