अश्वशक्ती हवी, पण कोणत्या इंजिनाची ?

भीमाकाठच्या भारी जमिनीत पलटी नांगर ओढताना ट्रॅक्टर दमू लागला की, त्याची अश्वशक्ती वाढविण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येतो. राजगुरुनगरपासून चाकण जवळच आहे. तेथील कारखान्यांतून टर्बो बसविलेल्या मोटारी बाहेर पडतात. तेव्हा आपल्या जुन्या ट्रॅक्टरलाही टर्बो बसवून घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ट्रॅक्टर बहुधा कर्ज काढून घेतलेला असतो. त्यावर प्रयोग करण्यापूर्वी ही शक्ती येते कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

डिझेल जळण्यास हवा लागते. १ किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा पाहिजे, आणि प्रत्यक्षात इंजिनास त्याहून अधिकच द्यावी लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढील तेवढीच घेते. त्याची शक्ती वाढवावयाची तर सिलिंडर मोठे किंवा अधिक करावे लागतात, नाही तर फेरे वाढवावे लागतात. टर्बोची रीत निराळी आहे. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. या युक्तीने लहान इंजिन मोठ्याचे काम करते.

मग जुन्या इंजिनास टर्बो लावण्यास हरकत कोणती ? टर्बोसाठी घडविलेल्या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, तेलाचा पुरवठा व थंड ठेवण्याची व्यवस्था वाढीव दाबाच्या हिशेबानेच केलेली असते. जुन्या इंजिनात तशी तरतूद नसते. नुसती हवा भरूनही भागत नाही. पंपाचे डिझेलही वाढवावे लागते. त्याबरोबर उष्णता व दाब वाढतात आणि पिस्टन व हेड गॅस्केट यांवर ताण येतो. इंजिन टिकले तरी क्लच व गिअर मूळच्या शक्तीपुरतेच असतात. टर्बो न लावता केवळ पंप वाढवून घेणे तर त्याहून वाईट. हवा तेवढीच राहिली की जादा डिझेल अर्धवट जळते आणि शेतकऱ्याचा पैसा काळ्या धुराबरोबर आकाशात जातो.

अनेकदा शक्ती कमी नसते, ती अडलेली असते. धुळीने एअर क्लीनर तुंबला, नोझल बिघडले, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले किंवा झिजलेले टायर घसरू लागले, तर दहा अश्वशक्ती वाढवूनही नांगर पुढे सरकणार नाही. प्रथम ही कामे करून घ्यावीत. त्यांस खर्च थोडा येतो व धोका नसतो.

नवा ट्रॅक्टर घेताना मात्र टर्बोला नाक मुरडण्याचे कारण नाही. क्षेत्र मोठे असेल, किंवा भाड्याने नांगरट व रोटाव्हेटरची कामे वर्षभर मिळत असतील, तर कारखान्यातूनच टर्बो बसवून आलेले इंजिन लाभाचे ठरते. त्याची शिस्त पाळली पाहिजे. टर्बोचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून तेल व फिल्टर वेळेवर बदलावेत, आणि भारी कामानंतर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालवून मगच बंद करावे. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्यास मात्र गावातील मिस्त्री दुरुस्त करू शकेल असे साधे इंजिनच बहुधा पुरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढी गोष्ट शेतकऱ्यांच्या मनावर ठसवावी : इंजिन ज्या शक्तीसाठी घडविले, तेवढीच शक्ती त्याच्याकडून पूर्ण घ्यावी. अधिक शक्तीची गरज खरोखर असेल, तर ती अधिक शक्तीच्याच इंजिनातून मिळवावी.